खडबडीतपणाचे शास्त्र





पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका हवेचा विरोध कमी, असे आपण शाळेपासून धरून चालतो. वेगाने पोहणाऱ्या शार्कची त्वचा वेगळेच सांगते. तिच्यावरच्या दातांसारख्या बारीक खवल्यांवर प्रवाहाच्या दिशेने कंगोरे असतात. वेगवान प्रवाहात पृष्ठभागालगत लांबट भोवरे तयार होतात. ते आडवे सरकतात, वरचा वेगवान थर खाली आणतात आणि घर्षण वाढवतात. कंगोरे हे आडवे सरकणे रोखतात आणि भोवऱ्यांना तळापासून दूर ठेवतात. मात्र दोन कंगोऱ्यांमधली खाच भोवऱ्यापेक्षा अरुंदच हवी. ती रुंद झाली की भोवरा आत उतरतो आणि घर्षण उलट वाढते. म्हणून शार्कचे माप विमानाला चालत नाही. वेग आणि उंची पाहून ते नव्याने काढावे लागते. निसर्गाची नक्कल पुरत नाही, त्यामागचे कारण कळावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

नासाच्या लँग्ली केंद्रात मायकेल वॉल्श यांनी आणि बर्लिनमध्ये डीट्रिख बेखर्ट यांनी कंगोऱ्यांनी घर्षण किती घटते हे चिकाटीने मोजले. बेखर्ट यांच्या तेलाच्या वाहिनीत उत्तम खाचांनी घर्षण जवळजवळ १० टक्क्यांनी उतरले. लुफ्थान्सा टेक्निक आणि बीएएसएफ यांच्या ‘एरोशार्क’ या विमानावर चिकटवायच्या फिल्मला २०२२ मध्ये बोइंग ७७७ साठी युरोपीय मान्यता मिळाली. तिचे कंगोरे सुमारे ५० मायक्रोमीटरचे आणि इंधनाची बचत साधारण १ टक्का. प्रयोगशाळेतले १० विमानावर १ का होतात? एकूण विरोधात घर्षणाचा वाटा निम्म्याच्या आसपास, आणि फिल्मही सगळीकडे लावता येत नाही. तरीही या १ टक्क्याला कोणी नाक मुरडू नये. दहा तासांच्या उड्डाणात असे विमान ७० टनांहून अधिक इंधन जाळते; त्यातले ७०० किलो वाचतात, तेही प्रत्येक फेरीला.

आपल्यापुढचा खरा प्रश्न टिकण्याचा आहे. उत्तरेतली धूळ, कोकणातला पाऊस, धावपट्टीवरचे ऊन आणि पुन्हा पुन्हा होणारी धुलाई यांत या धारा किती काळ शाबूत राहतील? म्हणूनच या परिषदेचे पहिले सत्र आम्ही देखभाल अभियंत्यांना दिले आहे. संशोधकांनी ते चुकवू नये आणि आपले फसलेले प्रयोगही तिथे मोकळेपणाने मांडावेत, ही आग्रहाची विनंती.