लेखाखालचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातील उदारमतवादी विचारवंत आणि त्यांची नियतकालिके’ हा विषय ऐकून काही जणी मनात म्हणाल्या असतील, हा तर कॉलेजातल्या प्राध्यापकांचा विषय. सदाशिव पेठेतल्या महिला मंडळात त्याचे काय काम? पण थोडे ऐकून घ्या. हा विषय आपल्या घरापर्यंत येतो, आणि या स्मरणिकेपर्यंतही.

त्या काळी इंग्लंडात नवा विचार ग्रंथात येण्याआधी पुष्कळदा नियतकालिकात येई. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ १८०२ साली निघाले, ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ १८२४ साली. लेखाखाली लेखकाचे नाव छापायचे नाही, अशी तेथली रीत होती. १८५१ साली ‘वेस्टमिन्स्टर’मध्ये स्त्रियांना मताचा हक्क हवा, असे सांगणारा लेख आला. तो जॉन स्टुअर्ट मिल यांचा, असे पुष्कळांनी धरून चालले. वास्तविक तो हॅरिएट टेलर या बाईंचा होता. त्याच वर्षी त्यांचा मिल यांच्याशी विवाह झाला, आणि १८५८ साली त्या वारल्या. पुढच्या वर्षी आपल्या लेखसंग्रहात तो लेख घेताना मिल यांनी तो पत्नीचा असल्याचे सांगितले. पण तोवर त्या बाई हयात नव्हत्या!

त्याच सुमारास ‘वेस्टमिन्स्टर’च्या संपादनाचा भार मेरियन एव्हान्स ही तरुण स्त्री वाहत होती. संपादक म्हणून नाव मात्र मालकाचे. हीच पुढे जॉर्ज इलियट या पुरुषी नावाने कादंबरीकार म्हणून गाजली. १८६५ साली निघालेल्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ने लेखांखाली सही छापण्याचा प्रघात पाडला. १८६७ पासून त्याचे संपादक होते जॉन मोर्ले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच हे मोर्लेसाहेब. ज्याने त्याने आपल्या मताची जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी, हा त्या प्रघातामागचा विचार.

१८६९ साली मिल यांचे स्त्रियांच्या परवशतेवरील पुस्तक निघाले. त्यातील मुद्दा साधा आहे. ज्याला आपण बाईचा स्वभाव म्हणतो, तो पुष्कळसा तिला दिलेल्या वळणाचा परिणाम असतो. तिला मोकळीक दिल्यावाचून तिला काय जमते आणि काय जमत नाही, हे कोणी कसे सांगावे?

हा विचार पुण्यास पोचायला फार काळ लागला नाही. इंग्रजी निबंधांवर पोसलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली; पण त्यांची लेखणी सुधारकांच्या विरुद्ध चालली. मिल आणि स्पेन्सर वाचून गोपाळ गणेश आगरकर मात्र दुसऱ्या वाटेने गेले. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. मतभेद वाढले तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी लिहिले. याच पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आगरकरांचे ऋण फार मोठे आहे. तरी बायकांविषयी पुरुषांनी लिहावे, हे एक. बायकांनी स्वतः लिहावे, हे दुसरे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापवले, आणि ते स्वतःच्या नावाने. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८६१ साली जन्मलेल्या काशीबाई कानिटकर शाळेत कधी गेल्याच नाहीत. लग्न झाल्यावर त्या वाचायला शिकल्या, पुढे मासिकांतून लिहू लागल्या, आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी आपल्या नावाने प्रसिद्ध केले. त्यांचे पती गोविंदराव यांनी मिल यांचे ते पुस्तक मराठीत आणले. एका घरात नवरा मिल मराठीत आणतो आणि बायको स्वतःच्या नावाने लिहिते, हे चित्र मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा बोलके वाटते.

पण नाव मान्य व्हायला वेळ लागतोच. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले ग्रंथकार संमेलन भरले. त्या परंपरेतील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसल्या त्या १९६१ साली. मध्ये त्र्याऐंशी वर्षे गेली! २०२५ पर्यंत अशा अध्यक्षा झाल्या अवघ्या सहा.

आता आपल्या स्मरणिकेकडे वळते. जुने अंक चाळून पाहा. चांगले, अनुभवाचे लेख, आणि खाली सही ‘एक भगिनी’, ‘एक सभासद’! विचारले तर उत्तर येते, “अहो, माझे नाव कशाला? लोक काय म्हणतील?” कोणाची खरीच अडचण असेल तर नाव जरूर झाकावे. परंतु केवळ संकोचापोटी नको. नाव नसलेला लेख दुसऱ्याच्या नावावर सहज जमा होतो, हे हॅरिएटबाईंचे उदाहरण सांगते. शिवाय पन्नास वर्षांनी आपली नात हा अंक उघडील, तेव्हा तिला आजी सापडायला हवी.

म्हणून पुढच्या अंकासाठी प्रत्येकीने पानभर तरी लिहावे, आणि खाली आपले पूर्ण नाव घालावे, एवढीच विनंती.