शरमेपोटी लपवलेले दुखणे
(महिला पालक मेळाव्यातील व्याख्यान)



ज्या अवयवाचे नावही आपण घरात घेत नाही, त्याच्या आजाराविषयी मी आज बोलणार आहे. योनिमुख म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियाचा बाहेरचा भाग. त्यालाही कर्करोग होतो. तो विरळा आहे. २०२० साली जगभरात सुमारे ४५ हजार स्त्रियांना तो झाला, असा अंदाज आहे. पण डोळ्यांना दिसेल अशा जागी असूनही तो पुष्कळदा उशिरा सापडतो. याचे एक मोठे कारण शरम.

महिनोन्महिने न थांबणारी खाज, पांढरा, लाल वा काळसर चट्टा, गाठ, न भरणारी जखम, रक्त जाणे, यांपैकी काहीही असले तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाने वा बुरशीनेही खाज येते, हे खरे. परंतु औषधाने ती गेली नाही, तर दुकानातून मलमे आणून लावत बसू नये.

संशय आल्यास डॉक्टर जागा बधिर करून कातडीचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे.

कर्करोगापूर्वीच्या अवस्था मुख्यतः दोन प्रकारच्या. उतारवयात कातडी पांढरी व पातळ पडते, तो लायकेन स्क्लेरोसस. हा स्वतः कर्करोग नव्हे. थोड्याच स्त्रियांत तो पुढे तिकडे वळतो. स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित लावल्यास तो आटोक्यात राहतो. दुसरा प्रकार एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्यात बिघडलेली कातडी कापून काढतात, लेसरने जाळतात किंवा काही रुग्णांना विशिष्ट मलम देतात. पुढेही तपासणी चालू ठेवावी लागते.

कर्करोग लहान असताना सापडला, तर गाठ व भोवतालची थोडी कातडी काढून बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. तो जांघेतील गाठींत पोहोचला, तर मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि कधी केमोथेरपीही लागते. उशिराची किंमत ही अशी असते.

विद्यार्थिनींनो, एचपीव्हीवर लस आहे. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळते. ९ ते १४ हे वय तिच्यासाठी उत्तम. पालकांनी याची चौकशी अवश्य करावी.

शेवटी एवढेच सांगते. अम्मी किंवा दादी खाजेने रात्र-रात्र जागत असेल, तर तिला हळूच विचारा. स्त्री-डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सोबत बसा. तुमचे शिक्षण घरात सर्वप्रथम इथेच उपयोगी पडू द्या.