वंश, वारस आणि महाजनकीची नोंदवही

(नंदगड येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



श्रींच्या कृपेने आणि मंडळाच्या आग्रहाने मी आज आपणांपुढे उभा आहे. विषय मंडळानेच सुचविला : हल्लीची जोडपी एकाच अपत्यावर का थांबतात, आणि काही जोडपी एकही नको असे का म्हणतात ? माझे आयुष्य कारकुनीत गेले. वक्तृत्व माझ्यापाशी नाही. परंतु नोंदवह्या आणि आकडे ह्यांची सवय आहे, तेवढ्याच भांडवलावर चार विचार मांडतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लोकसंख्या आहे तेवढीच राहावयाची तर दर स्त्रीमागे सरासरी 2.1 अपत्ये व्हावी लागतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण देशात 2.0, कर्नाटकात व महाराष्ट्रात 1.7, आणि आपल्या पूर्वजांच्या गोव्यात अवघे 1.3 आढळले. ‘आजकालच्या मुलांचे खूळ’ असे म्हणून आपण हा विषय झटकून टाकतो. पण 1992-93 च्या पहिल्या पाहणीत देशाचे प्रमाण 3.4 असताना गोव्याचे 1.9 होते. म्हणजे आज ज्यांना नातवंडांची आस लागली आहे, त्यांच्याच पिढीने ही वाट प्रथम धरली. मुलांनी ती पुढे चालविली, इतकेच.

आता कारणे. पहिले कारण मंगल आहे : मुले जगू लागली. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 129 बालके वर्षाच्या आत दगावत. 2020 साली ती संख्या 28 वर आली. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ ह्या आशीर्वादामागे आठांतील किती हाती लागतील ही धास्तीही होती. ती धास्ती सरली, तसा आठांचा आग्रहही सरला.

दुसरे कारण शेती व व्यापार ह्यांतील पालट. गोव्याचा नारळ व सुपारी घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली, अशा व्यवहारावर नंदगडची पेठ वाढली. दुकानात, शेतात, बैलगाडीवर मुलाचा हात लवकर उपयोगी पडे. आता तोच मुलगा पंचवीस वर्षे शिकतो आणि बेळगाव, पुणे, बेंगळूर गाठतो. तेथे दोन खोल्यांचे घर, दोघांची नोकरी, आणि मूल सांभाळण्यास ना आजी, ना आत्या. तिसरे कारण म्हणजे आपल्या मुली शिकल्या. आपणच त्यांना शिकविले, आणि पदवी घेतलेल्या मुलीने संसाराचा हिशेब स्वतः मांडला तर त्यात आश्चर्य ते काय ?

हा विचार परका आहे, असे काही जण म्हणतात. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ह्या मतांपायी 1925 मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालविले, आणि स्वतः पतिपत्नींनी मूल होऊ न देण्याचा निश्चय पाळला. म्हैसूर संस्थानाने 1930 मध्ये सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली. तेव्हा हा विचार आपल्याच भूमीत शंभर वर्षे जुना आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ‘मूल नको’ असे म्हणणारे एक आणि ‘मूल होत नाही’ म्हणून मूकपणे सोसणारे दुसरे; बाहेरून दोघांचे घर सारखेच दिसते. उत्सवात पालखी निघते, ओट्या भरल्या जातात, आणि कोणी तरी वडीलधारी सुनेला सर्वांदेखत विचारते, ‘यंदा तरी पेढे का ?’ विचारणाऱ्याला ते कौतुक वाटते. ऐकणारी पुढील वर्षी देवळात येत नाही. ह्या प्रश्नाचे बोट नेहमी स्त्रीकडेच असते, ही खोड जुनी आहे. गोव्यातील हिंदूंच्या रूढींची 1880 ची पोर्तुगीज संहिता पाहावी. पत्नीला पंचवीस वर्षे वयापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर पतीस दुसऱ्या विवाहाची मुभा त्या संहितेत होती. पतीमध्ये दोष असल्यास पत्नीने काय करावे, ह्याची तशी सोय कोणी केली नव्हती.

आता आपल्या मंडळाच्या काळजीकडे वळतो. ‘अशाने महाजन उरणार किती ?’ हा प्रश्न खरा आहे. आपल्या देवस्थानांनी स्थलांतरे पाहिली, सोळाव्या शतकात देव पालखीतून नदीपार नेले, तरी महाजनकी तुटली नाही. ती आता आपोआप तुटेल काय ? कारकुनाचा हिशेब सांगतो. देवस्थानांच्या 1933 च्या नियमनाखाली महाजनकी बहुतेक ठिकाणी पुरुष परंपरेनेच चालत आली. घरात पाच मुले असत तेव्हा पाचही मुलीच होण्याचा योग बत्तीस घरांत एखादा. दोन मुले असतील तर चार घरांपैकी एका घरात दोन्ही मुली. एकच मूल असेल तर दर दोन घरांपैकी एकात मुलगी. सर्वांनी एकाच अपत्यावर थांबायचे ठरविले तर आजच्या 64 नावांची पुढील पिढीत 32, मग 16, मग 8 नावे उरतील. मुलींची नावे लिहिली तर मात्र 64 ची 64 राहतील. म्हणजे पुढील पिढीची निम्मी नावे पुसली जातात ती आपल्याच लेखणीने. दोष पाळण्याचा नव्हे, नोंदवहीचा आहे.

‘मुलगी लग्न होऊन परक्या गोत्रात जाते, तिला महाजनकी कशी ?’ हा आक्षेप मी मनापासून ऐकतो, कारण परंपरेचा धागा सहज तोडावा असे मलाही वाटत नाही. पण वारस केवळ रक्ताने ठरतो हे आपण कधी मानले ? दत्तकाची प्रथा आपलीच. ह्या नंदगडच्या मातीला तर हे वेगळे सांगावयास नको. 1824 मध्ये कित्तूरचे अधिपती निपुत्रिक वारले. त्यांचा दत्तक शिवलिंगप्पा इंग्रजांनी नाकारला. राणी चन्नम्मांनी युद्ध केले आणि कैदेत 1829 मध्ये देह ठेवला. त्याच दत्तकाच्या हक्कासाठी संगोळ्ळी रायण्णा लढत राहिला, आणि 26 जानेवारी 1831 रोजी त्यास ह्याच गावात फाशी देण्यात आले. दुसऱ्याच्या पोटच्या मुलाला वारस मानण्यासाठी ज्या भूमीवर प्राण वेचले गेले, तेथे स्वतःच्या पोटच्या मुलीला वारस मानण्यास आपण कां कचरावे ?

आणि ज्यांच्या मागे कोणीच नाही, त्यांचे काय ? न्यायमूर्ती रानडे व रमाबाई ह्यांना अपत्य नव्हते. परंतु रमाबाईंनी 1909 मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनाने किती मुलींना पायांवर उभे केले! ‘ह्यांचा वंश खुंटला’ असे म्हणण्याची कोणाची छाती आहे ?

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, महाजनांच्या मुलींची नावे नोंदविण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे यावा. नियमावलीत, म्हणजे आपल्या कोंप्रोमिसात, त्यासाठी बदल करावा लागेल व शासनाची मान्यताही घ्यावी लागेल. वेळ लागेल, म्हणूनच आज आरंभ करावा. दुसरी, निपुत्रिक व एकाकी वृद्ध महाजनांची यादी करून त्यांच्याकडे जाण्या-येण्याची पाळी तरुणांनी लावून घ्यावी, आणि उत्सवात अग्रशाळेतील तळमजल्याची खोली त्यांच्यासाठी राखावी. मूल नसल्याची भीती ही बहुतांशी म्हातारपणाची भीती असते. ती समाजाने वाटून घेतली तर निम्मी होते. तिसरी सूचना बिनखर्चाची : सुनांना पेढ्यांविषयी विचारणे आपण सर्वांनी सोडावे. ज्यांना मूल हवे आहे त्यांना प्रश्नापेक्षा मदतीचा हात हवा असतो; ज्यांना नको आहे, त्यांचे मन प्रश्नाने पालटत नाही.

पाळणा हलविणे हा ज्याच्या-त्याच्या घरचा विचार आहे. नोंदवही मात्र आपणा सर्वांची आहे, आणि तीत कोणाचे नाव लिहावयाचे हे आपल्या हातात आहे. ती लिहिण्याची सद्बुद्धी श्रींनी आपणांस द्यावी, अशी प्रार्थना करतो.