डोहाळे पुरवायचे कुणी?

श्रोतेहो, 'डोहाळे' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्याच्या पोटी केवढा अर्थ साठलेला आहे याचा विचार क्वचितच आपल्या मनात येतो. चिंच, कैरी, फार तर पाटीवरची पेन्सिल खाण्याची लहर, एवढ्यापुरताच तो शब्द आता उरला आहे. वस्तुतः तो संस्कृतातील 'दोहद' शब्दाचा मराठी अवतार आहे. सुश्रुताने म्हटले आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, त्यामुळे त्या काळी स्त्री ही दोन हृदयांची असते. तिने काही मागितले, तर ते मागणे तिच्या एकटीचे नसते. मौज अशी, की आपल्या प्राचीन कवींनी हाच शब्द झाडांनाही लावला. वसंत दारी येऊनही अशोकाला फुले येत नाहीत, तेव्हा त्याचा दोहद पुरवावा लागतो. एखाद्या युवतीने आपल्या पावलाने त्याला स्पर्श केला, म्हणजे तो बहरतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त मालविका हेच काम करते. बहराच्या उंबरठ्यावर थांबलेले झाड आणि मातृत्वाच्या उंबरठ्यावर उभी असलेली स्त्री या दोघांसाठी एकच शब्द योजणारी भाषा खरोखर फार रसिक म्हटली पाहिजे. दोघांनाही कुणाच्या तरी जवळिकीची अपेक्षा असते, असेच तिला सुचवावयाचे असावे.

ही जवळीक कुणाची असावी, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. तो माझ्या मनात उभा केला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईने. मुलगी इथलीच, सुरतेत वाढलेली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर जर्मनीत म्युनिकला गेली आणि तिथे दोघेही नोकरी करतात. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस तिची आई हातात फोन घेऊन माझ्याकडे आली आणि पडद्यावरचे एक छायाचित्र माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, तुम्हीच आता हिला चार शब्द सांगा. सातवा महिना लागलाय, आणि ही बया डोंगरावर चढून बसलीय!"

मी ते छायाचित्र पाहिले. हिरव्यागार उतारावर एक लाकडी बाक, त्यावर ती दोघे बसलेली. पायांशी पिवळ्या रानफुलांचा गालिचा आणि पाठीमागे अजून बर्फ न वितळलेली शिखरे. त्या प्रदेशातला वसंत असाच असतो. खाली गावात लायलॅकचे जांभळे घोस फुललेले असतात आणि वर चढावे तसतसे आपण वसंतातून पुन्हा हिवाळ्याकडे चालू लागतो. बर्फ मागे हटते, त्याच्या कडेनेच क्रोकसची नाजूक फुले डोके वर काढतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गाईंचे कळप कुरणांवर चरावयास वर नेतात, त्यांच्या गळ्यातील घंटांचा नाद दऱ्यांतून घुमतो. म्युनिकपासून जवळच वेंडेलश्टाइन नावाचा १,८३८ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ दात्यांच्या रुळांवरून चढणारी एक छोटी आगगाडी १९१२ सालापासून जाते. ही दोघे त्या गाडीने वर गेली होती आणि सपाटशा वाटेने थोडी हिंडून, बाकावर बसून, घरून नेलेली भाकरी आणि चटणी खाऊन संध्याकाळी परत आली होती. 'डोंगरावर चढून बसणे' ते एवढेच.

तरीही त्या माउलीच्या काळजीला मी हसले नाही. गर्भिणीने हादरे देणाऱ्या वाहनातून जाऊ नये, खोल दऱ्या, कडे, विहिरी वाकून पाहू नयेत, असे आपले आयुर्वेदाचे ग्रंथही बजावतात. ज्या काळी वाटा खडबडीत होत्या आणि वाटेत काही झाले तर मदत मिळण्याचा संभव नव्हता, त्या काळी हे शहाणपणच होते. आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतपणाला दुसरा जन्म म्हटले, ते उगाच नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. त्याच आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळविली, आणि तिच्यासाठी प्रबंध लिहिला तो आर्यहिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आणि सुरतकरांना तर डॉ. रखमाबाईंचे विस्मरण होताच कामा नये. लंडनहून डॉक्टर होऊन परतल्यावर १८९५ साली त्या आपल्या या शहरातील स्त्रियांच्या रुग्णालयात आल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी येथील लेकीसुनांची सेवा केली. भीतीचे निवारण ज्ञानाने करावयाचे असते, हा त्यांच्या जीवनाचा बोध. म्हणून मी त्या आईला एकच विचारले, "तिने डॉक्टरांना विचारले आहे ना?"

तिने विचारले होते. प्रकृतीत काही गुंतागुंत नसेल, तर गर्भवतीने आठवड्याला निदान १५० मिनिटे बेताचा व्यायाम करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचाच २०२० सालचा सल्ला आहे, आणि चालणे हा त्यातला सर्वांत निर्धोक प्रकार. फार उंचावर, म्हणजे सुमारे अडीच हजार मीटरच्या वर मात्र जाऊ नये, दमछाक होऊ देऊ नये, पाय घसरेल अशी वाट टाळावी. म्हणूनच जर्मनीतले सर्वांत उंच शिखर जे त्सुगश्पिट्स, तेथे पाळण्याने दहा मिनिटांत जाण्याची सोय असूनही ही दोघे तिकडे फिरकली नाहीत.

मग आईने मला मुलीचा मजकूर वाचून दाखविला. त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटला. मुलीने लिहिले होते की, घरी दोघांच्या नोकऱ्या, स्वयंपाक, धुणे यांत बोलणे म्हणजे केवळ यादी असते: हे आणले का, ते भरले का. पण त्या बाकावर बसल्यावर कितीतरी वेळ दोघेही गप्प होती, आणि मग तो एकदम म्हणाला, "मला फार भीती वाटते गं. आपल्याजवळ इथे कुणीच नाही." त्यावर ती म्हणाली, "मलाही." सात महिने दोघांनीही ही एकच गोष्ट एकमेकांपासून लपविली होती! पुढे तिने लिहिले होते, "आई, त्या दिवसापासून माझी भीती निम्मी झाली." हे वाचताना आईचा आवाज अडखळला. तिचे यजमान मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी. आठवड्यातून तीनदा त्यांना रुग्णालयात न्यावे लागते. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला तिला जाता येणार नव्हते. तिच्या रागाच्या मुळाशी डोंगर नव्हताच. आपण तिथे नाही, हे दुःख होते.

श्रोतेहो, परदेशातील जोडप्यांना माहेर नसते, म्हणूनच ती एकमेकांचे माहेर होतात. अर्थात केवळ प्रेमाने हे साधत नाही, त्यामागे समाजाची व्यवस्थाही असावी लागते. जर्मनीत नोकरी करणाऱ्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर आठ आठवडे पगारी विश्रांती मिळते. प्रत्येक प्रसूतीच्या वेळी, डॉक्टर असले तरीही, शिकलेली सुईण हजर असलीच पाहिजे असा तेथे कायदा आहे, आणि नंतर ती घरी येऊन आईची व बाळाची विचारपूस करते. २००७ सालापासून तेथे बालसंगोपनासाठी भत्ता मिळतो, आणि आईबरोबर बापानेही रजा घेतली तर त्याची मुदत दोन महिन्यांनी वाढते. म्हणजे कायदाच बापाला 'आत या' म्हणतो.

आपल्याकडे मात्र तो बिचारा बाहेरच्या ओसरीवर असतो. आपले डोहाळजेवण किती सुंदर! फुलांची वाडी, हिरवी साडी, झोपाळ्यावरचे, बागेतले, चांदण्यातले जेवण. झाकलेल्या वाट्यांतली बर्फी निघते की पेढा, याची केवढी उत्सुकता! पण त्या सोहळ्यात नवरा कुठे असतो? बहुधा तो आइस्क्रीम आणावयास गेलेला असतो. आपल्या गुजराती शेजारणींकडे सातव्या महिन्यात 'सीमंत' करतात. ते नाव ज्या सीमंतोन्नयन संस्कारावरून आले, त्यात साळिंदराच्या काट्याने पत्नीच्या केसांचा भांग वर सारण्याचे काम दुसऱ्या कुणाचे नव्हे, पतीचेच होते. काळाच्या ओघात नाव राहिले आणि पती मात्र त्यातून निसटला.

जुन्या काव्यांतही हा धडा आहे. 'रघुवंशा'तील दिलीप राजा मोठा प्रेमळ. सुदक्षिणेला काय हवे असेल याची त्याला सदैव चिंता. पण ती लाजून सांगत नाही म्हणून तो विचारतो कुणाला, तर तिच्या सख्यांना! आणि भवभूतीचे 'उत्तररामचरित' तर या विषयावरचे सर्वांत करुण भाष्य आहे. वनवासाची चित्रे पाहता पाहता गर्भवती सीतेला डोहाळे होतात, ते कसले? त्या शांत अरण्यात पुन्हा एकदा हिंडावे आणि भागीरथीत स्नान करावे. आणि ती रामाला म्हणते की, तुम्हीसुद्धा यायचे हं! हे काय सांगायला हवे, असे राम प्रेमभराने उत्तर देतो. त्यानंतर काय घडले ते आपण जाणतोच. सीतेचा डोहाळा अक्षरशः पुरविण्यात आला: रथ आला, अरण्य आले, भागीरथीही आली. फक्त राम आला नाही. म्हणजे मागितलेले सारे मिळूनही तिला काहीच मिळाले नाही.

मी ख्रिस्ती असल्यामुळे मला या संदर्भात आणखी एक प्रवास आठवतो. संत लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे की, गरोदर राहिल्यावर मरिया त्वरेने यहूदाच्या डोंगराळ प्रदेशात आपल्या नात्यातील वृद्ध अलिशिबेकडे गेली, आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. अलिशिबेलाही त्या वेळी सहावा महिना होता. ३१ मे रोजी आम्ही या भेटीचा सण पाळतो. दोन गर्भवती डोंगरातल्या एका घरात एकमेकींच्या सोबतीने दिवस काढतात, या चित्रात मला मोठा दिलासा वाटतो. गर्भारपण कोंडून ठेवण्याची गोष्ट नव्हे. ते कुणाच्या तरी सोबतीने जगण्याचे दिवस आहेत.

आता कुणी म्हणेल, "बाई, आल्प्सच्या गोष्टी लिंबायतला आणि उधन्याला काय उपयोगाच्या?" प्रश्न रास्त आहे. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा आमचा खानदेशी भाऊ बायकोला सातव्या महिन्यात ताप्ती मार्गाच्या गाडीत बसवून देतो, आणि बाळ झाल्याची बातमी त्याला फोनवरच कळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा होऊन रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली खरी, पण घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे. मागावरच्या कामगाराला ती कोण देणार? हे बदलले पाहिजे, आणि त्यासाठी बोलत राहणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

पण कायद्याची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. २०१६ साली सुरू झालेल्या सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी अर्ध्या रोजावर पाणी सोडून तिच्याबरोबर जावे, आणि डॉक्टर काय सांगतात ते स्वतःच्या कानांनी ऐकावे. आपल्याला आल्प्स नाही, पण तापीचा काठ आहे. सापुताऱ्याला नेण्याइतकी ऐपत आणि डॉक्टरांची अनुमती असेल, तर न्यावे. नसेल, तर ऊन उतरल्यावर तापीच्या पुलापर्यंत तिच्या पावलाशी पाऊल जुळवून सावकाश चालत जावे. तिला काय हवे ते तिच्या सखीला विचारू नये, आईला विचारू नये, तिलाच विचारावे. आणि ती काही बोलली नाही, तर आपणच आपल्या मनातले आधी सांगावे. पुरुषाने भीती वाटते असे म्हटल्याने घराचे वासे कोसळत नाहीत, उलट ते सावरतात.

आणि ज्या आयांच्या लेकी दूर देशी आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: फोनवर डोंगराचे छायाचित्र आले, तर त्यात डोंगर किती उंच आहे हे मागाहून पाहावे. लेकीच्या शेजारी कोण बसले आहे, हे आधी पाहावे.