उलट्या बंदुकीचा बिल्ला

निवडणुकीचे बिल्ले छातीवर लावून गल्लोगल्ली हिंडलेली पिढी खडवली गावात अजून आहे. मतदान संपलं की ते बिल्ले खेळण्यांच्या डब्यात जायचे. काही बिल्ले मात्र चित्रासारखे निरखून पाहावे लागतात.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या युद्धविरोधी मोर्चात व्हिएतनामहून परतलेले मूठभर सैनिक एका फलकामागे चालले. त्यातून ‘व्हिएतनाम वेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ ही संघटना उभी राहिली. तिचे बिल्ले आज संग्राहक जपतात.

त्यातली कला कळायला आधी दुसरं चिन्ह माहीत हवं. व्हिएतनाममधल्या अमेरिकी लष्करी मुख्यालयाच्या सैनिकांच्या बाहीवर एक ढाल असे. लाल जमीन, पिवळी भिंत आणि भिंतीच्या खिंडारात टोक वर करून उभी तलवार. तलवार म्हणजे अमेरिकेची लष्करी मदत. माजी सैनिकांनी आपल्या बिल्ल्यावर भिंत ठेवली, रंग ठेवले, तलवार तेवढी काढली. तिच्या जागी नळी खाली रोवलेली बंदूक आली आणि दस्त्यावर शिरस्त्राण. रणात पडलेल्या साथीदाराची खूण सैनिक अशीच उभारतात. एक वस्तू बदलली आणि शौर्याचं चिन्ह शोकाचं झालं.

बिल्ल्याची घडण साधी. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, वर पारदर्शक पापुद्रा, मागे तारेची टाचणी. ही रीत अमेरिकेच्या १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रुळली. जाणकार बिल्ला उजेडात तिरका धरतो. कडेवर बऱ्याचदा बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव असतं, कामगार संघटनेची खूणही असते. मग तो उलटा करून टाचणी पाहतो. गंजाने किंमत उतरते, हे खरं. तरीही कोऱ्या करकरीत बिल्ल्यापेक्षा जाकिटावर झिजलेलाच मोलाचा, कारण तो रस्त्यावर उतरलेला असतो.

२३ एप्रिल १९७१ रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदेसमोर याच संघटनेच्या आंदोलनात शेकडो माजी सैनिकांनी आपली पदकं भिरकावली. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ मागणाऱ्या भारतीय माजी सैनिकांनीही २००९ मध्ये पदकं राष्ट्रपती भवनाकडे परत पाठवली. निवृत्त फौजींच्या कित्येक घरांत अशा वस्तू ट्रंकेच्या तळाशी असतात.

श्रोत्यांपैकी कुणाला घरी असा बिल्ला, फीत किंवा बाहीवरचं चिन्ह सापडलं, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये. ते कुणी, कुठे, कोणत्या साली लावलं होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहावं आणि ती चिठ्ठी त्याच्यासोबतच ठेवावी.