दिवे अनेक, दुखणे एक

गाडी जुनी झाली की तिच्या डॅशबोर्डावरचे दिवे एकेक करून न लागता पुष्कळदा एकदम लागतात. वलगावाहून अमरावतीस निघावे, आणि पेढी नदीच्या पुलावर पोचता पोचता ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, इंजिनाचा असे पिवळ्या-तांबड्या दिव्यांचे संमेलनच भरावे! मालकाच्या पोटात गोळा उठतो, आणि ते साहजिकच आहे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला डफरीन दवाखान्यात न्यायचे तर शेजारी याच गाडीपाशी येतात. ती बंद पडून चालत नाही. आणि कपाशीवर चालणाऱ्या घराला चार सुटे भाग एकदम बदलणेही परवडत नाही.

मी तर्कशास्त्र शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. पण आपल्या नैयायिकांचे लाघव येथे फार उपयोगी पडते. एका कारणाने भागत असेल तर चार मानू नयेत. चार यंत्रणा एकाच दिवशी बिघडणे अशक्य नाही. पण चौघींचा शिधा एकाच कोठीतून येतो, बॅटरी आणि डायनॅमो यांच्याकडून. (आल्टरनेटर हे त्याचे खरे नाव, पण गॅरेजात डायनॅमोच म्हणतात.) विजेचा दाब उतरला की प्रत्येक यंत्रणेतला लहानसा संगणक कुरकुरतो आणि आपापला दिवा लावतो.

एक अपवाद आधीच सांगतो. इंजिन चालू असताना ऑइलचा तांबडा दिवा लागला, किंवा इंजिन तापल्याची खूण दिसली, तर तर्क करीत बसू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

बाकीच्या दिव्यांसाठी आधी मीटर आणा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसावेत. 12 च्या खाली असतील तर ती जवळजवळ रिकामी समजा. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 पर्यंत चढला पाहिजे. न चढता उतरू लागला, तर टर्मिनलवरचा गंज, डायनॅमोचा पट्टा, बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची तार, हे स्वस्तातले आधी पाहा, डायनॅमो त्यानंतर.

काही मिस्तरी अजूनही इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहतात. जुन्या डायनॅमोच्या काळी ते खपून गेले. आजच्या गाडीत त्या क्षणी दाब उसळतो आणि संगणक जळू शकतो. मिस्तरी वयाने मोठा असला तरी "भाऊ, तार काढू नका" एवढे म्हणायला संकोच कसला?

आता उभ्या गाडीची बॅटरी का उतरते ते पाहू. घड्याळ, कुलूप, संगणकाची स्मृती यांना थोडी वीज लागतेच. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालते. तेवढ्याने 35 अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभर पुरेल. तोच ओढा 500 झाला तर तीन दिवसांत खेळ आटोपला. मोजायचे असेल तर इंजिन बंद ठेवून बॅटरीची ऋण तार काढावी, मध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडावा, दारे लावून अर्धा तास थांबावे. संगणक झोपी गेले की एकेक फ्यूज काढत जावा. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या वाटेवर चोर आहे. डिक्कीचा दिवा, किंवा मागाहून बसवलेला टेप, हे नेहमीचे संशयित! मीटर मध्ये असताना मात्र स्टार्टर मारू नये.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर डायनॅमोतला डायोड तपासून घ्या. तो फुटला की दिवसा चार्जिंग कमी होते आणि रात्री वीज उलटी झिरपते. दिवेही लागतात, बॅटरीही उतरते. लाघवाचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बॅटरी लवकर म्हातारी होते आणि तिचे पाणीही आटते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी तर मुळीच नको.

दाब ठीक झाला की बहुतेक दिवे विझतात. एखादा मागे राहिला, तर त्याचे दुखणे वेगळे. त्याचा कोड स्कॅनरवर वाचून घ्यावा.