खोडाला बांधलेलं बाशिंग
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



बेळगावहून आंबोलीच्या किंवा चोर्ला घाटाच्या वाटेला लागलं, की या दिवसांत जुन्या झाडांच्या खोडांवर आणि कातळांवर आपल्याला एक नेचा दिसतो. त्याचं नाव बाशिंग. खोडाला टेकून उभी असलेली त्याची रुंद, कातरलेल्या कडांची तपकिरी पानं पाहिली, की नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंगच आठवतं. अश्वकात्री हे त्याचंच दुसरं नाव.

या नेच्याची पानं दोन तऱ्हेची. पहिली लांब, हिरवी, खोल कातरलेली. त्यांच्या पाठीवर बारीक ठिपके असतात. त्यांत बीजाणू तयार होतात. नेच्याला ना फूल, ना बी. वाऱ्यावर उडणाऱ्या या भुकटीतूनच त्याची पुढची पिढी उगवते. पाऊस सरला की ही पानं झडतात आणि नुसते दांडे उरतात.

दुसरी पानं आखूड, बिनदेठाची. ती लवकर वाळतात, पण गळत नाहीत. त्यांचं खरं काम वाळल्यावरच सुरू होतं. वरून पडलेला पालापाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा त्यांच्या खोबणीत साठते, कुजते आणि तिचं खत होतं. त्यात ओल टिकते, नेच्याची मुळं त्यातच शिरतात. जिथे माती नाही तिथे हा आपली माती आपणच जमवतो.

पुष्कळ जण त्याला बांडगूळ समजून खरवडून काढतात. बांडगुळाची मुळं झाडाच्या आत घुसून त्याचा रस शोषतात. बाशिंग झाडाकडून मागतं ते फक्त बसायला जागा. कातळावरही ते तितक्याच सुखाने वाढतं, एवढा पुरावा पुरे नाही का? सीतेची वेणीसुद्धा झाडावर अशीच राहते. तिला आपण कौतुकाने बघतो आणि याला मात्र कोयता लावतो!

औषधासाठी त्याचं जाड मूळकांड उपटलं जातं आणि आरास सजवायला पानं ओरबाडली जातात. त्याहून मोठा घाव रस्ता रुंद करताना बसतो. जुनं झाड पडलं, की त्याच्या अंगाखांद्यावरचा हा सारा संसार जमिनीवर येतो. त्याच्या बदल्यात दहा रोपं लावली, तरी तशी खडबडीत साल आणि तशी सावली यायला कितीतरी वर्षं जावी लागतात.

म्हणून आम्ही यंदाच्या आराशीत रानातला एकही नेचा आणलेला नाही. आपल्याही घरच्या, गावाकडच्या आंब्या-फणसावर बाशिंग असेल, तर ते राहू द्या. साफसफाई करणाऱ्या गड्यालाही तसं सांगून ठेवा. आणि घराच्या कामासाठी जुनं झाड काढायची वेळ आली, तर कुऱ्हाड घालण्याआधी एकदा मान वर करून बघा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!